मण्यांची माळ आणि मापाची नीती

ज्याच्या अस्तित्वाची आपल्याला अद्याप वार्ताही नाही, अशा जिवाचे आपण काही देणे लागतो काय? नीतिशास्त्राच्या वर्गात विचारला जावा असा हा प्रश्न वरवर पाहता कोरडा वाटेल. कर्तव्य म्हटले की ते कोणाविषयी, हे आधी ठाऊक असावे लागते. शेजारी कोण हे कळल्याशिवाय शेजारधर्म पाळायचा कसा? परंतु हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात कधी ना कधी येऊन गेलेला असतो, तोही कोणाच्या लक्षात न येता. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात असे काही दिवस होऊन गेले आहेत, की ज्या दिवसांत आपण होतो, आपला कणा घडत होता आणि आपण आहोत हे आपल्या आईलाही माहीत नव्हते.

१३९ व्या स्तोत्राच्या कर्त्याने या गुप्त दिवसांचे स्मरण केले आहे. आपली घडण कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हती तेव्हा देवाच्या दृष्टीला ती दिसत होती, हा त्या स्तोत्राचा भाव. गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी त्या झाकलेल्या खोलीचे दार थोडेसे किलकिले केले आहे. आत जे दिसले ते भाविकानेही जाणून घ्यावे असे आहे. कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. उरलेले अर्धे मात्र प्रयोगशाळेत मिळणारे नाही.

कणा घडताना

मणी आणि मणका या शब्दांचे नाते कानालाच कळते. आपला कणा ही मण्यांची माळच आहे : मानेचे ७ मणके, बरगड्या धरून ठेवणारे १२, कमरेचे ५, त्याखाली एकजीव झालेले ५ आणि शेवटी माकडहाडाचे बहुधा ४, असे एकूण ३३. या माळेतील मणी मात्र एकसारखे नाहीत. मानेचा पहिला मणका डोके तोलण्यासाठी कड्यासारखा असतो, छातीच्या मणक्यांना बरगड्यांसाठी खाचा असतात आणि कमरेचे मणके भार वाहण्यासाठी जाडजूड असतात.

मानवी गर्भात ही माळ ओवण्याचे काम साधारणतः विसाव्या दिवशी सुरू होते. भावी मज्जारज्जूच्या दोन्ही अंगांस पेशींचे लहान लहान ठोकळे जोडीजोडीने तयार होऊ लागतात. डोक्याकडून शेपटाकडे, एकामागून एक, घड्याळाचा ठोका पडावा तसे. ही निव्वळ उपमा नव्हे. १९९७ साली ऑलिव्हिए पूर्किए यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भात असे घड्याळ खरोखरीच असल्याचे दाखवून दिले. तेथे दर ९० मिनिटांनी काही जनुके जागी होतात व पुन्हा निजतात आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर ठोकळ्यांची एक जोडी तयार होते. माणसात हा फेरा सुमारे पाच तासांचा असतो. पाचवा आठवडा संपेपर्यंत ४० हून अधिक जोड्या मांडून होतात. पुढे एका ठोकळ्याचा खालचा अर्धा भाग शेजारच्याच्या वरच्या अर्ध्या भागाला मिळतो आणि त्या दोहोंचा मिळून एक मणका होतो. एकट्या ठोकळ्याचा मणका होत नाही.

हे ठोकळे प्रारंभी सारखेच दिसतात. मग मानेचा मणका कोणी व्हावे आणि कमरेचा कोणी, हे ठरते कसे? या प्रश्नाचा धागा एका क्षुद्र फळमाशीपाशी सापडला. अमेरिकेतील एडवर्ड लुईस यांनी अनेक दशके या माशीचा अभ्यास करून दाखवले, की शरीराच्या कोणत्या भागाने कोणते रूप घ्यावे हे ठरवणारी काही जनुके असतात, आणि शरीराचे भाग ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने ती गुणसूत्रावर मांडलेली असतात. या कार्यासाठी त्यांना १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच कुळातील जनुके आपल्यातही आहेत. त्यांना ‘हॉक्स’ जनुके म्हणतात. माणसात ती ३९ असून चार गुणसूत्रांवर चार ओळींत बसलेली आहेत. कोणत्या ठोकळ्यात यांपैकी कोणकोणती जागी आहेत, यावरून त्या ठोकळ्याला आपली ओळख मिळते.

यातील एक गोष्ट मला विशेष विचारप्रवर्तक वाटते. २००३ साली डेनीन वेलिक आणि मारिओ कपेक्की यांनी उंदरांतील दहाव्या गटाची सर्व हॉक्स जनुके काढून टाकली, तेव्हा कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या. म्हणजे कमरेला बरगड्या नसतात त्या आपोआप नव्हे; तेथे ‘बरगडी नको’ असे सांगणारे कोणीतरी असते म्हणून नसतात. शरीर ‘हो’ने घडते तसेच ‘नको’नेही घडते.

मापाचा रेणू

आता प्रश्न उरतो तो या जनुकांना जागे कोण करते हा. अनेक संदेशवाहक या कामात आहेत. त्यांपैकी एक आपल्या स्वयंपाकघरातून येतो. अ जीवनसत्त्व आपल्या घराघरांत ठाऊक आहे ते डोळ्यांसाठी. रातांधळेपणा येऊ नये म्हणून गाजर, पपई, लाल भोपळा, शेवग्याचा पाला खावा, हे आपल्या आजीबाईही सांगत. याच जीवनसत्त्वापासून शरीर ‘रेटिनॉइक आम्ल’ नावाचा पदार्थ तयार करते. हा लहानसा रेणू पेशीच्या केंद्रकात शिरतो, तेथे त्याची वाट पाहत असलेल्या ग्राहक प्रथिनाला जडतो आणि ते प्रथिन जनुकांना जागे करते. हा ग्राहक १९८७ साली फ्रान्समधील पिएर शांबों आणि अमेरिकेतील रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. रेटिनॉइक आम्लाला ओ देणाऱ्या जनुकांत हॉक्स जनुकेही आहेत.

गर्भात हे आम्ल सर्वत्र सारखे पसरलेले नसते. नुकत्याच तयार झालेल्या ठोकळ्यांत ते निर्माण करणारे एक विकर असते, तर वाढत्या शेपटाच्या टोकाशी ते नष्ट करणारे दुसरे. एकीकडे भरणारा आणि दुसरीकडे आटवणारा, अशा दोघांच्या मेळातून उताराची पातळी तयार होते आणि त्या पातळीवरून पेशींना आपला ठाव कळण्यास मदत होते. २००१ साली दोन संशोधकगटांनी नष्ट करणारे विकर नसलेले उंदीर तयार केले. त्यांचा शेपटाकडील भाग खुंटला, काही मणक्यांची ओळख बदलली आणि ते जगू शकले नाहीत. मात्र पुढच्याच वर्षी असे आढळले, की अशाच उंदरांत निर्माण करणाऱ्या विकराचे जनुकही दोहोंऐवजी एकच ठेवले, तर त्यांतील काही वाचतात. आटवणाऱ्याची उणीव भरणाऱ्याने हात आखडता घेऊन भरून काढली.

१९९१ साली जर्मनीतील मिखाएल केसेल आणि पीटर ग्रूस यांनी गाभण उंदरिणींना बाहेरून रेटिनॉइक आम्ल दिले. गर्भाच्या सातव्या दिवशी दिले तेव्हा मणक्यांनी आपल्या मागच्या मणक्यांचे रूप घेतले. तेच दीड दिवस उशिरा दिले तेव्हा उलट घडले. मणक्यांनी आपल्या पुढच्यांचे रूप घेतले. पदार्थ तोच, प्राणी तोच. केवळ वेळ बदलली आणि परिणामाची दिशा फिरली. १९९२ साली आपल्याच देशात, भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात, प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकांच्या पिल्लांच्या शेपट्या कापून त्यांना अ जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवले. शेपटीच्या जागी नवी शेपटी यावयाची, तेथे काही पिल्लांना पाय फुटले. ‘नेचर’ या नियतकालिकात तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरातील जीवशास्त्रज्ञ चकित झाले.

उणे आणि अधिक

या साऱ्याच्या कितीतरी आधी, १९३३ साली, अमेरिकेतील टेक्सास प्रांतात फ्रेडरिक हेल यांनी एका डुकरिणीला गर्भधारणेपूर्वी व तिच्या प्रारंभी अ जीवनसत्त्व नसलेले खाद्य दिले होते. तिला ११ पिल्ले झाली आणि अकराही पिल्लांना बुबुळे नव्हती. त्या काळी जन्मजात व्यंग म्हटले की ते रक्तातूनच आले, असे मानण्याकडे कल होता. परंतु त्याच आंधळ्या पिल्लांना पुढे पुरेसे खाद्य देऊन त्यांचा वंश वाढवला, तेव्हा त्यांची पिल्ले डोळस निपजली. दोष बीजात नव्हता. बीजाला जे मिळावयास हवे होते ते मिळाले नव्हते. पुढे योसेफ वारकानी यांनी सिनसिनाटी येथे उंदरांवर प्रयोग करून या जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळे हृदयापासून मूत्रपिंडापर्यंत किती अवयव बिघडतात, हे दाखवून दिले. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. आणि नेमक्या त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सिडनी कोहलन यांनी दाखवले, की हेच जीवनसत्त्व उंदरिणीला अतोनात दिले तरीही पिल्ले व्यंग घेऊनच जन्मतात.

उणे झाले तरी हानी, अधिक झाले तरी हानी. ‘अति तेथे माती’ ही म्हण आपण जेवणाच्या ताटापाशी वापरतो. ती गर्भाशयातही खरी ठरते, हे येथे दिसते. जुन्या करारातील ज्ञानग्रंथात असा विचार आहे, की देवाची रचना माप, संख्या आणि वजन यांवर उभी आहे. संत ऑगस्टीनने या विचाराचे पुष्कळ मनन केले. आपण सहसा असे समजतो की चांगली वस्तू चांगली आणि वाईट वस्तू वाईट. संत थॉमस अक्वायनसची शिकवण याहून सूक्ष्म आहे. सद्‌गुण मध्यावर असतो, परंतु तो मध्य गणिताने काढता येत नाही. कोणाला, कधी, कोठे, किती, हे विवेकाने पाहावे लागते. कृती चांगली ठरावयाची तर तिचा विषय, तिचा हेतू आणि तिची परिस्थिती ही तिन्ही चांगली असावी लागतात; एक जरी बिघडले तरी कृती बिघडते. रेटिनॉइक आम्लाला नीती नाही, हे खरे. पण चांगल्या वस्तूचे चांगलेपण तिच्या मापात, जागेत व वेळेत असते, हे त्याच्याइतके स्पष्ट सांगणारे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. आपल्या घरांतील पुष्कळसे दुःखही वाईट वस्तूंनी आलेले नसते. माया चांगली, पण तिला ‘नको’ म्हणता आले नाही की मूल बिघडते. शिस्त चांगली, पण अवेळी आली की मन मोडते.

रेणू आणि रचनाकार

येथे एखादा तरुण वाचक विचारील : फादर, सारे जर रेणूंनी आणि जनुकांनी घडते, तर देवाला तेथे काय काम उरले? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला भिण्याचे कारण नाही. देव हा यंत्रातील न सापडलेला खिळा नव्हे, की खिळा सापडला म्हणजे देव निघून जावा. थॉमस अक्वायनसने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे, की प्रथम कारण हे दुय्यम कारणांच्या द्वारे कार्य करते आणि दुय्यम कारणांना खरेखुरे सामर्थ्य देणे यातच त्याचा मोठेपणा आहे. सुतार टेबल करतो तेव्हा अर्धे काम सुताराचे आणि अर्धे करवतीचे, असे आपण म्हणत नाही. संपूर्ण टेबल सुताराचे आणि प्रत्येक छेद करवतीचा.

शिवाय हा रेणू काही हुकूमशहा नाही. तोच रेणू एका पेशीला एक सांगतो आणि दुसरीला दुसरे. कारण ऐकणारी पेशी कोठे आहे, तिच्यावर आधी काय घडून गेले आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. एकच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत वेगळा अर्थ धारण करतो, तसेच हे आहे. माणूस म्हणजे रसायनांची बेरीज, असे म्हणणाऱ्याने वाक्य म्हणजे अक्षरांची बेरीज, असेही म्हणावे लागेल.

झुडपात हालचाल होते तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कणा मांडण्याचे काम विसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते, म्हणजे स्त्रीची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. मज्जारज्जूची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. कित्येक मातांना तोपर्यंत शंकाही आलेली नसते. सर्वांत नाजूक काम सर्वांत अजाणत्या दिवसांत होते.

याचा दाहक प्रत्यय १९८० च्या दशकात आला. तीव्र मुरुमांवर ‘आयसोट्रेटिनॉइन’ नावाचे औषध १९८२ साली अमेरिकेत विक्रीस आले. हे रेटिनॉइक आम्लाचेच एक भावंड. ज्यांचा चेहरा व्रणांनी विद्रूप झाला होता, त्यांना त्याने खरोखर दिलासा दिला. ते औषध वाईट नव्हते आणि आजही नाही. गर्भवतींनी ते घेऊ नये, अशी सूचना पहिल्या दिवसापासून होती. तरीही वर्षभरातच व्यंग असलेली बालके जन्मल्याच्या नोंदी येऊ लागल्या. कान, चेहरा, हृदय व मेंदू यांना इजा झालेली बालके. १९८५ साली एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी हे औषध पोटात गेलेल्या १५४ गर्भधारणांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९५ गर्भ पाडण्यात आले होते. उरलेल्या ५९ पैकी १२ आपोआप गळले, २१ बालके व्यंग घेऊन आली आणि २६ बालकांत मोठे व्यंग आढळले नाही.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. औषधाची हानी भयंकर होती, हे त्या २१ बालकांवरून दिसते; दिसण्यासारखे व्यंग नसलेल्या काही मुलांतही पुढे बौद्धिक अडचणी आढळल्या. ती हानी कमी लेखून चालणार नाही. पण ज्या ९५ जिवांना जन्मच मिळाला नाही, त्यांपैकी किती जण धडधाकट असते हे कोणालाही कधी कळणार नाही. व्यंग असते तरी ते जिवंत राहण्यास अपात्र ठरले असते, असे कोण म्हणेल? आपल्या अजाणतेपणाने झालेल्या इजेला आपल्या भीतीने दिलेले उत्तर इजेहूनही कठोर होते.

आमच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतील एक उदाहरण शिकवले जाई. शिकारी रानात आहे. झुडूप हलते. आत हरिण असेल किंवा माणूस असेल. त्याने गोळी झाडावी काय? उत्तर असे, की आत माणूस नाही याची खात्री होईपर्यंत त्याने बंदूक खाली ठेवावी. इतर अनेक बाबतींत, जेथे नियमाविषयी खरी शंका आहे तेथे, ख्रिस्तसभा माणसाच्या स्वातंत्र्याला बरीच मोकळीक देते; परंतु जेथे दुसऱ्याचा जीव पणास लागलेला असतो, तेथे अधिक सुरक्षित मार्गच धरावा लागतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ सालच्या ‘एव्हांजेलियुम विटे’ या परिपत्रकात गर्भाविषयी याच धर्तीवर विचार मांडला : तेथे मानवी व्यक्ती असण्याची नुसती शक्यताही तिला धक्का न लावण्यास पुरेशी आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे हाती लागते. ज्याला आपण ओळखत नाही, त्याचेही देणे लागते; कारण तो असू शकतो, एवढे आपल्याला ठाऊक असते. आणि हे देणे एकट्या स्त्रीचे नाही, हे ठासून सांगितले पाहिजे. झुडूप हलताना औषध लिहून देणारा डॉक्टर पाहतो, चिठ्ठीविना गोळी विकणारा औषधविक्रेता पाहतो, जाहिरात करणारी कंपनी पाहते, आणि संयम न पाळणारा, ‘ही गोळी कशाची’ असे कधी न विचारणारा पतीही पाहतो. बंदूक खाली ठेवण्याचे कर्तव्य या सर्वांचे आहे. त्याचबरोबर स्त्री ही केवळ गर्भाचे पात्र नव्हे. तिच्या शरीराला व तिच्या आजारालाही मान आहे. फेफऱ्यावरील काही औषधे गर्भाच्या कण्याला अपाय करू शकतात; म्हणून ती मनानेच अचानक थांबवणे आईच्या जिवावर बेतू शकते. विवेक म्हणजे घाबरणे नव्हे. विवेक म्हणजे वेळेवर विचारणे.

दोष कोणाचा?

याच विषयाची दुसरी बाजू मला अधिक सलते. कण्याला बाक असलेले, किंवा पाठीवर फुगा घेऊन आलेले मूल एखाद्या घरात जन्मते. बाळंतिणीची खाट अजून उठलेली नसते आणि कुजबुज सुरू होते : हिने काय खाल्ले होते? कोणत्या गोळ्या घेतल्या? ग्रहणात सुरी धरली असेल. माहेरीच काही असेल. भेटीला गेलेल्या धर्मगुरूलाही दबक्या आवाजात विचारले जाते, “फादर, ही कशाची शिक्षा?”

प्रभू येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाला पाहून हाच प्रश्न विचारला होता. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हा प्रसंग आहे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि देवाचे कार्य तेथे कसे प्रकट होईल, याकडे शिष्यांची दृष्टी वळवली. शिष्य मागे पाहत होते, प्रभू पुढे पाहत होता.

नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. जे अज्ञान थोड्या प्रयत्नाने दूर करता आले असते, पण आळसाने वा बेपर्वाईने केले नाही, त्याचा दोष लागतो. जे दूर करणे त्या व्यक्तीच्या हाती नव्हतेच, त्याचा दोष लागत नाही. आपण गर्भवती आहोत हेच जिला ठाऊक नव्हते, जिला कोणी काही सांगितले नव्हते, ती आई दुसऱ्या प्रकारात मोडते. आणि पुष्कळ व्यंगांचे कारण तर तज्ज्ञांनाही सांगता येत नाही. आईने सारे पथ्य पाळूनही ती येतात. हेल यांच्या डुकरिणीने रक्ताला दिला जाणारा दोष पुसला. आता तोच दोष आईच्या ताटावर नेऊन ठेवण्यासाठी आपण विज्ञान वापरू लागलो, तर आपण काहीच शिकलो नाही. जबाबदारी ही आधी घ्यावयाची गोष्ट आहे. दोष ही नंतर वाटावयाची गोष्ट नव्हे.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्याच समाजात काहींच्या मानेच्या शेवटच्या मणक्याला लहानशी बरगडी असते, काहींचा कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला चिकटलेला असतो. एखाद्या दिवशी दुसऱ्याच कारणासाठी क्ष-किरण चित्र काढले म्हणजे ते कळते. उपासनेच्या बाकावर आपल्या शेजारी बसलेल्याच्या कण्यातही ते असू शकेल. ‘आम्ही सरळ आणि ते वाकडे’ अशी रेघ निसर्गाने कोठेही ओढलेली नाही.

घराघरांत

विवाहपूर्व मार्गदर्शनात आपण नव्या जोडप्यांशी प्रेमावर आणि निष्ठेवर बोलतो. या अजाणत्या दिवसांवरही तेथे बोलले जावे. काही साध्या गोष्टी सर्वांना ठाऊक असाव्यात. भाज्या व फळांतील अ जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपाला भिण्याचे कारण नाही; त्यातून किती घ्यावयाचे हे शरीर गरजेनुसार ठरवते. जपावे लागते ते तयार अ जीवनसत्त्वाला. १९९५ साली अमेरिकेत २२ हजारांहून अधिक गर्भवतींच्या पाहणीत असा अंदाज निघाला, की गोळ्यांतून रोज १०,००० एककांपेक्षा अधिक तयार जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या दर ५७ बालकांमागे एकाला त्यामुळे व्यंग आले. गर्भवतींनी कलेजी टाळावी, असा सल्ला ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९९० साली दिला, तो याच कारणाने. माशाच्या यकृताच्या तेलाचेही तेच. आयसोट्रेटिनॉइन घेत असताना आणि ते थांबवल्यावर निदान एक महिना गर्भधारणा होऊ नये. याच कुळातील अ‍ॅसिट्रेटिन शरीरात फार रेंगाळत असल्याने तेथे ही मुदत तीन वर्षांपर्यंत सांगितली जाते.

मात्र हे वाचून कोणी लहान मुलांचा अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये. आपल्या देशात तो कार्यक्रम १९७० साली सुरू झाला तो उणिवेमुळे येणारे अंधत्व टाळण्यासाठी, आणि त्याने बालकांचे रक्षण केले आहे. जे माप पाच वर्षांच्या आतील बालकाला तारते, तेच गर्भवतीला अयोग्य ठरते. मापाची नीती ती हीच. आणि जे घेतलेच पाहिजे तेही सांगतो. १९९१ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसून आले, की मज्जारज्जूच्या नळीचे व्यंग असलेले मूल ज्यांना आधी झाले होते अशा मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर ते व्यंग पुन्हा येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. सर्वसाधारण स्त्रीसाठी ते रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. ही स्वस्त गोळी मूल हवे असे ठरवतानाच सुरू करावयाची असते, कळल्यानंतर नव्हे. अजून न आलेल्या पाहुण्यासाठी दिवा लावून ठेवण्यासारखेच ते आहे.

हे सारे करूनही एखाद्या घरी वाकड्या कण्याचे मूल येईल. त्या दिवशी धर्मग्रामाची परीक्षा असेल. त्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आपण किती जण जाऊ? त्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढताना किती जण पुढे येऊ? त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात आणण्यासाठी रविवारी आपले वाहन कोण वळवील? एकटा ठोकळा मणका होत नाही. त्याला शेजारचा अर्धा भाग लागतो. ज्याला आपण ओळखत नव्हतो तेव्हा त्याला जपले, तर त्याची ओळख पटल्यावर त्याच्या शेजारी उभे राहणे जड जाऊ नये.